सामाईक घर आणि न मोजलेले हिस्से

लोहाऱ्यात किंवा आसपासच्या कोणत्याही गावात एखाद्या जुन्या घराची मालकी विचारली, तर पुष्कळदा एका दिवंगत माणसाचे नाव ऐकू येते. घर अब्बांचे असते आणि अब्बांना जाऊन वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात. घरपट्टीची पावती अजून त्यांच्याच नावाने निघते. थोरला भाऊ ती भरतो, मधला मागच्या दोन खोल्यांत राहतो, धाकटा पुण्याला नोकरीस असल्याने त्याच्या खोलीला कुलूप आहे, आणि दोन बहिणी ईदला येऊन दोन दिवस राहून जातात. कोणाचे भांडण नाही. घर अजून एक आहे, याचा सर्वांना अभिमान असतो आणि शेजारीपाजारीही त्या घराचे उदाहरण देतात.

या अभिमानाला धक्का न लावता एक प्रश्न विचारावासा वाटतो. दिवंगत मनुष्य मालक असू शकत नाही. मग गेली वीस वर्षे ते घर कोणाचे आहे?

शरीअतचे उत्तर संदिग्ध नाही. माणसाने शेवटचा श्वास घेतला, की त्याची मालकी संपते. त्याच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा खर्च निघतो, नंतर कर्ज फेडले जाते, त्यानंतर एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसिय्यत पुरी केली जाते आणि जे उरते ते त्याच क्षणापासून वारसांचे असते. (कर्जात पत्नीचा न दिलेला महरही येतो. घराची वाटणी करायला बसलेल्यांना या कर्जाची आठवण फार क्वचित होते.) वाटणी उशिरा झाली म्हणून मालकी उशिरा मिळते असे नाही. वाटणी ही केवळ मोजणी असते. हक्क आधीच प्राप्त झालेला असतो. म्हणजे वर सांगितलेल्या घरातील बहिणी गेली वीस वर्षे त्या घराच्या मालकीण आहेत आणि तेथे पाहुण्या म्हणून येतात.

येथे आपल्या भोवतालच्या परंपरेचा आपल्यावर झालेला परिणाम ओळखला पाहिजे. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंब ही एक स्वतंत्र संस्था आहे. तिला कर्ता असतो, तिची वडिलोपार्जित मालमत्ता असते आणि तीत जन्माने हक्क मिळतो. मुस्लिम कायद्यात अशी संस्थाच नाही. बाप जिवंत असेपर्यंत मुलाचा त्याच्या घरावर कसलाही मालकी हक्क नसतो आणि बाप वारल्यावर प्रत्येक वारस आपापल्या निश्चित हिश्श्याचा स्वतंत्र मालक होतो. थोरला भाऊ कर्ता होत नाही. तो फार तर इतरांच्या अमानतीचा राखणदार असतो. परंतु शेकडो वर्षे एका गावात, एका गल्लीत राहिल्याने 'कर्त्या भावा'ची कल्पना आपल्याही घरांत शिरली आणि रुजली. त्या कल्पनेत जबाबदारीची जाणीव होती; अनेक थोरल्या भावांनी धाकट्यांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने लावली. त्यांचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. मात्र श्रेय मिळणे वेगळे आणि मालकी मिळणे वेगळे.

वारसा हक्काच्या आयती ज्या प्रसंगाशी जोडल्या जातात, तो प्रसंगही अशाच एका राखणदाराचा आहे. उहुदच्या युद्धात हजरत साद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या आणि मुलींच्या चुलत्याने सर्व मालमत्ता ताब्यात घेतल्याची तक्रार त्यांनी केली. त्या काळच्या अरबी रिवाजानुसार चुलत्याने काही वावगे केले नव्हते. जो लढतो आणि कुटुंब राखतो, तोच वारस, असा तो रिवाज होता. सूरह अन्-निसाची आयत अवतरली आणि प्रेषितांनी त्या चुलत्यास बोलावून निवाडा दिला. दोनतृतीयांश मुलींना, एकअष्टमांश त्यांच्या आईला, आणि उरलेले त्याला. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की चुलत्यास काहीच मिळाले नाही असे नाही. त्याचा हिस्सा मान्य झाला. अमान्य झाली ती, राखतो म्हणून सर्व माझे, ही समजूत.

आता एकोप्याचा युक्तिवाद विचारात घेऊ, कारण तो पोकळ नाही. वाटणी म्हटले की भिंत उभी राहते, अंगण दुभंगते, चुली वेगळ्या होतात आणि पुढच्या पिढीत बोलणेही बंद होते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. म्हणून वडीलधारी मंडळी सांगतात, आम्ही आहोत तोवर विषय काढू नका. या सांगण्यामागे माया असते. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. घर वाटणे आणि हिस्सा ठरविणे या भिन्न क्रिया आहेत. पाच भावंडांनी एका घरात, एका चुलीवर, आयुष्यभर राहण्यास शरीअतची हरकत नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा आहे, की दोन भागीदार जोपर्यंत परस्परांचा विश्वासघात करत नाहीत, तोपर्यंत अल्लाह त्यांच्यासोबत तिसरा असतो. भागीदारीवर याहून मोठा आशीर्वाद कोणता? पण भागीदारी म्हणायची तर कोणाचा भाग किती हे माहीत हवे. ज्या घरात हिस्सेच कधी मोजले गेले नाहीत, तेथे एकमेकांवर विश्वास ठेवायला काही उरलेलेच नसते. तेथे असतो तो फक्त न विचारण्याचा अलिखित करार.

आणि न मोजलेला हिस्सा स्थिर राहत नाही. वरच्याच घराचे गणित मांडू. वडील वारले तेव्हा मागे पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली होत्या. घराचे ६४ भाग कल्पिले, तर पत्नीला ८, प्रत्येक मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७ भाग मिळतात. काही वर्षांनी आई वारली. तिचे ८ भाग याच पाच अपत्यांत गेले, म्हणजे प्रत्येक मुलाचे १६ आणि प्रत्येक मुलीचे ८ झाले. पुढे मधला भाऊ वारला. मागे पत्नी आणि एक मुलगी. त्याच्या १६ भागांतील एकअष्टमांश म्हणजे २ भाग पत्नीचे, निम्मे म्हणजे ८ मुलीचे, आणि राहिलेले ६ त्याच्या भावाबहिणींकडे येतात, भावाला २ व बहिणीला १ या प्रमाणात. आता थोरला आणि धाकटा यांचे प्रत्येकी १८, दोन्ही बहिणींचे प्रत्येकी ९, मधल्याच्या विधवेचे २ आणि त्याच्या मुलीचे ८ भाग झाले.

ही तीन मृत्यूंची साधी साखळी आहे आणि प्रत्यक्षातील घरे याहून गुंतागुंतीची असतात. एकामागून एक मृत्यू होत गेल्यावर हिस्से कसे सरकत जातात, याला फिकहच्या ग्रंथांत मुनासखा म्हणतात, आणि हा विषय विद्यार्थ्यांना अवघड जातो. पण या साध्या गणितातही दोन गोष्टी दिसतात. ज्या दोन बहिणी घरात पाहुण्या समजल्या जातात, त्यांचा एकत्रित हिस्सा थोरल्या भावाएवढा झाला आहे. आणि मधल्या भावाची मुलगी, जी आज कदाचित शाळेत शिकत असेल, ती त्या घराच्या आठव्या भागाची मालकीण आहे. ती अनाथ आहे. अनाथांची मालमत्ता खाणाऱ्यांबाबत सूरह अन्-निसाच्या दहाव्या आयतीत जो इशारा आहे, तो वाचताना आपल्या डोळ्यांपुढे कोणी दुष्ट सावकार उभा राहतो. प्रत्यक्षात तो इशारा त्या प्रेमळ चुलत्यालाही लागू पडू शकतो, ज्याने पुतणीला खाऊपिऊ घातले पण तिच्या आठ भागांचा हिशेब कधी केला नाही.

सरकारी कागदांकडूनही आता हा प्रश्न पुढे ढकलणे कठीण होत चालले आहे. लोहारा गावात नगरपंचायत आहे. तिच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीतील नाव कर वसूल करण्यासाठी असते, त्याने मालकी सिद्ध होत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मोजमाप करून घरांची मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. मोजणीच्या दिवशी जो घरी असतो, तोच बहुधा माहिती सांगतो. त्या दिवशी एकट्या थोरल्याचे नाव सांगितले गेले, तर ते खोटे बोलणे ठरेल की नाही, याचा विचार ज्याने त्याने करावा. मला ते खोटेच वाटते, मग हेतू कितीही चांगला असो.

बहिणींचा विषय निघाला की एक उत्तर हमखास मिळते: त्यांनी हक्क सोडला आहे. महाराष्ट्रात हक्कसोडपत्राचा रिवाज सर्व समाजांत आहे. बहीण तालुक्याला येते, सही करते, तिला साडी आणि जेवण मिळते, आणि माहेरचे दार उघडे राहते. ती राजीखुशीने सही करते का? कोणी तिच्यावर बळजबरी केलेली नसते. तरीही तिच्या मनातील हिशेब उघड आहे. हिस्सा मागितला तर भाऊ तुटेल. नवऱ्याने उद्या त्रास दिला तर जायचे कोठे? जी संमती या भीतीतून येते, तिला मनाची खुशी म्हणता येईल का? पत्नीच्या महराबाबत कुरआनने पतीला सवलत दिली, ती तिने स्वतःच्या आनंदाने काही सोडले तरच. भाऊ-बहिणीच्या व्यवहारात यापेक्षा सैल कसोटी लावण्याचे कारण दिसत नाही.

शिवाय हनफी फिकहनुसार वारसा हक्क हा आपोआप येणारा आहे, माझा हक्क मी सोडला एवढे म्हणण्याने तो नष्ट होत नाही. वडील हयात असतानाच मुलीकडून भावी हिस्सा सोडल्याचे लिहून घेणे तर शरीअतमध्येही ग्राह्य नाही आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अपेक्षित वारसा हस्तांतरितही करता येत नाही. सरळ मार्ग दोन आहेत. बहिणीचा हिस्सा मोजून तिच्या ताब्यात द्यावा आणि नंतर तिला वाटले तर तिने तो भावाला भेट द्यावा. किंवा तिने हिश्श्याच्या बदल्यात ठरलेली रक्कम अथवा वस्तू घेऊन वाटणीतून बाहेर पडावे. याला तखारुज म्हणतात. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्या एका पत्नीने त्यांच्या निधनानंतर असाच समेट केला होता. दोन्ही मार्गांत एक अट समान आहे: काय सोडत आहोत, हे सोडणाऱ्याला माहीत असले पाहिजे. घराची किंमत न सांगता घेतलेली सही ही अट पुरी करत नाही. पहिल्या मार्गाबद्दल माझा अनुभवाधारित नव्हे तर साधा तर्क असा, की ज्या बहिणीला हिस्सा खरोखर दिला गेला, तीच तो परत देण्याची शक्यता अधिक. आणि तिने नाही दिला, तर तो तिचाच होता.

लोहारा तालुक्यात बसून घर आणि वारसा यांबद्दल लिहिताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वगळता येत नाही. तीन वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर गेले, पण सास्तूरसारखी आपल्या भागातील गावेही, जी तेव्हा उमरगा तालुक्यात होती, जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, असे ते घर होते. पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पावसापासून राखणारे, आणि त्या पहाटे झोपलेल्यांवर कोसळलेले.

फिकहच्या वारसा-प्रकरणांत एक छोटे उपप्रकरण असते. ते बुडून मेलेल्यांचे, जळून मेलेल्यांचे आणि भिंतीखाली सापडून मेलेल्यांचे. शहरातील मदरशात ते शिकताना विद्यार्थ्याला ती दुर्मीळ कल्पना वाटत असेल. येथे ती एका रात्रीत शेकडो घरांची वस्तुस्थिती होती. प्रश्न असा, की बाप आणि मुलगा एकाच ढिगाऱ्याखाली सापडले आणि आधी कोण वारले हे कळण्यास मार्ग नाही, तर कोण कोणाचा वारस? बहुसंख्य फुकहांचे उत्तर आहे, की दोघेही एकमेकांचे वारस होत नाहीत. प्रत्येकाची मालमत्ता त्याच्या जिवंत राहिलेल्या वारसांकडे जाते. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये जमल, सिफ्फीन आणि हर्रा येथील मृतांबाबत हाच निर्णय नोंदलेला आहे. हंबली परंपरेत निराळे मतही आहे. तुलनेसाठी सांगायचे तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा अशा वेळी धाकटा थोरल्याच्या मागे उरला असे गृहीत धरतो. शरीअत असे गृहीतक मांडत नाही. जे माहीत नाही त्यावर हक्क उभा करायचा नाही, हे तत्त्व म्हणून मला प्रामाणिक वाटते.

पण त्याचा परिणाम पाहा. आजोबा आणि एक मुलगा त्या रात्री गेले. दुसरा मुलगा जिवंत राहिला. गेलेल्या मुलाची दोन लेकरे वाचली. आपला बाप आजोबांनंतर एक तास जगला असता, तर आजोबांच्या घरातील त्याचा हिस्सा या लेकरांपर्यंत पोचला असता. क्रम अज्ञात राहिल्याने आजोबांचे सर्व काही जिवंत चुलत्याकडे जाते आणि नातवंडे वारस ठरत नाहीत. कायद्याने चुलता पूर्ण मालक आहे. तरीही त्याच्या अंगणात उभ्या असलेल्या दोन अनाथ मुलांचे काय, हा प्रश्न कायद्याच्या उत्तराने संपत नाही. याकडे पुन्हा येऊ.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जमीनधारणेनुसार कोणाला २५० चौरस फुटांचे, कोणाला ४०० चे, कोणाला ७५० चे घर मिळाले. तेव्हा ज्यांना घर मिळाले त्यांतील अनेक जण आता हयात नाहीत, आणि ती घरे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हातात आहेत. २५० चौरस फुटांचे घर चार वारसांत कसे वाटायचे? भिंती घालून चौघांच्या वाट्याला जे येईल, त्यात खाटही मावणार नाही. फिकहने अशा मालमत्तेचा विचार फार पूर्वी केला आहे. जी वस्तू तुकडे केल्यावर निरुपयोगी होते, तिचे तुकडे करू नयेत. एकाने ती ठेवून इतरांना त्यांच्या हिश्श्याची किंमत द्यावी, किंवा सर्वांनी विकून पैसे वाटून घ्यावेत, किंवा मालकी सामाईक ठेवून वापराच्या पाळ्या लावाव्यात. या शेवटच्या पर्यायाला मुहायात म्हणतात. यंदा एकाने राहायचे, पुढच्या वर्षी दुसऱ्याने, किंवा एकाने राहून इतरांना भाडे द्यायचे. थोरला भाऊ वीस वर्षे घरात राहिला आणि बहिणींना वर्षाकाठी भाड्याचा त्यांचा भाग पोचता झाला, असे एखादे घर गावात असते तर त्याला मी एकोप्याचे घर म्हटले असते. वापराचा मोबदला बहिणींनी माफ केला तरी चालेल, पण माफ करण्यासाठी तो आधी कोणी तरी देऊ करावा लागतो.

यात परक्याचा प्रवेश होण्याची भीती अनेकांना असते. एखाद्या वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला तर? सामाईक मालमत्तेत सहहिस्सेदाराला प्रथम खरेदीचा हक्क, म्हणजे शुफआ, प्रेषितांनी (स.) स्वतः ठरवून दिला आहे. भारतातील १८९३ च्या वाटप कायद्याचे चौथे कलमही राहत्या घरातील हिस्सा विकत घेऊन वाटणीचा दावा करणाऱ्या परक्याला तो कुटुंबातील हिस्सेदारास रास्त किमतीला विकण्यास लावते. म्हणजे घर कुटुंबात राखण्याची सोय दोन्हीकडे आहे. बहिणीचे नाव लावले तर घर हातचे जाईल, ही भीती दाखवून तिचे नाव टाळण्याचे कारण उरत नाही.

आतापर्यंत मृत्यूनंतरचे बोललो. पण खरा गुंता हयातीतील नियोजनात आहे, कारण अलीकडे सुशिक्षित घरांत नियोजनाचा अर्थ पुष्कळदा असा होतो: मृत्यूनंतर मुलींना हिस्सा द्यावा लागेल, तर हयातीतच घर मुलांच्या नावे हिबा करून टाकू. भेट द्यायला मालक मुखत्यार आहे, असे म्हटले जाते. आणि ते बरोबर आहे. हिबा म्हणजे देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा. या तीन गोष्टी झाल्या, की भारतातील न्यायालये हिबा मान्य करतात. मुस्लिम हिब्यास नोंदणीची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीझाबी खटल्यात स्पष्ट केले. इमाम अबू हनीफा, मालिक आणि शाफई (रह.) यांच्या मते अपत्यांत कमी-अधिक दिले तरी भेट लागू होते, जरी ती नापसंत आहे. इमाम अहमद बिन हंबल (रह.) तिला नाजायज मानतात.

आपल्या फुकहांनी कजा आणि दियानत असा एक भेद केलेला आहे. काजीपुढे काय टिकते हे एक, आणि माणूस व अल्लाह यांच्यामधील व्यवहारात काय टिकते हे दुसरे. एकच कृती पहिल्या न्यायासनापुढे वैध आणि दुसऱ्यापुढे गुन्हा असू शकते. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक गुलाम भेट दिला आणि आईच्या आग्रहावरून प्रेषितांना (स.) साक्षी ठेवण्यासाठी ते गेले. प्रेषितांनी विचारले, की सर्व मुलांना असेच दिले आहे का. नाही, असे उत्तर मिळताच त्यांनी भेट परत घेण्यास सांगितले आणि अन्यायाचा साक्षी होण्यास नकार दिला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. वडिलांना मालकी हक्क नव्हता, असे प्रेषित म्हणाले नाहीत. त्यांनी साक्ष नाकारली. हिबापत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी आपण हा प्रश्न विचारतो का? गावातील प्रतिष्ठित माणसे अशा कागदांवर सहज सह्या करतात. त्यांच्यासाठी हा प्रसंग पुरेसा आहे. (हयातीतील भेटीत मुलगा-मुलगी समान, असे इमाम अबू यूसुफ यांचे मत असून हनफी फतवा त्यावर आहे. दोनास एक हे प्रमाण वारशाचे आहे, हयातीतील भेटीचे नव्हे, हे अनेकांना नवे वाटेल.)

शेतजमिनीचेही असेच आहे. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे, हे कारण काही जण मुलींना शेतात हिस्सा नाकारण्यासाठी सांगतात. तो दिल्लीच्या कायदेमंडळाने वगळलेला विषय आहे. सूरह अन्-निसाने वगळलेला नाही.

याचा अर्थ हयातीत काहीच करू नये असा होत नाही. एक मुलगा अपंग आहे, एका मुलीने लग्न न करता आई-वडिलांची सेवा केली, एकाच्या शिक्षणावर आधीच लाखो रुपये खर्च झाले. अशा खऱ्या गरजेपोटी अधिक-उणे देण्यास अनेक फुकहांनी वाव ठेवला आहे. हेतू ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जे नियोजन सर्व अपत्यांना बोलावून, त्यांच्यासमोर, कारण सांगून करता येते, ते बहुधा नियोजन असते. जे एका मुलाला सोबत घेऊन, बहिणींना कळू न देता, दुय्यम निबंधक कार्यालयात करावे लागते, ते बहुधा दुसरे काही तरी असते. मुला-मुलींना घर भेट देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. ती मुलींना देतानाही मिळते.

ज्या मुलाने पुण्या-मुंबईहून किंवा आखातातून पैसे पाठवून वडिलांच्या जागेवर वरचा मजला बांधला, त्याची तक्रार वेगळी आणि न्याय्य असते. जागा वडिलांची, पैसा माझा, मग मजला कोणाचा? हे बांधकाम भेट होते, कर्ज होते की भागीदारी, यावर उत्तर अवलंबून आहे, आणि ते बांधताना कोणी बोललेलेच नसते. बापापुढे हिशेबाची भाषा करणे मुलाला बेअदबी वाटते, बापाला संकोच होतो. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत देवाण-घेवाणीचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि तिने बाप-लेकाचा अपवाद केलेला नाही. वीट रचण्यापूर्वी दोन ओळींचा कागद केला असता, तर पुढे भावाभावांतील वीस वर्षांचा अबोला टळला असता.

ताब्याच्या अटीचा अर्थ हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या अखेरच्या दिवसांतून चांगला कळतो. त्यांनी हजरत आएशा (रजि.) यांना खजुरीच्या उत्पन्नातील काही भाग भेट दिला होता, पण आएशा यांनी तो ताब्यात घेतला नव्हता. मृत्यू समीप आल्यावर त्यांनी मुलीला सांगितले, की तू तो घेतला असतास तर तुझा झाला असता, आज मात्र तो वारसांचा आहे, आणि वारस तुझे दोन भाऊ व दोन बहिणी आहेत. आएशा यांना आपली एकच बहीण ठाऊक होती. दुसरी अजून आईच्या गर्भात होती. मुवत्तात हा प्रसंग आहे. जी लाडकी मुलगी समोर बसली आहे, तिला दिलेला शब्द पुरा होत नाही, कारण जी अजून जन्मलीच नाही तिचाही त्यात भाग आहे. कपाटात ठेवलेल्या, ताबा न दिलेल्या आणि मृत्यूनंतर एका मुलाने बाहेर काढलेल्या कागदांची तुलना याच्याशी करून पाहावी.

आता त्या अनाथ नातवंडांकडे. वसिय्यत वारसासाठी नसते, हा नियम आहे. ती एकतृतीयांशाहून अधिक नसते, हाही. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना एकतृतीयांशावर थांबवताना प्रेषितांनी तेही पुष्कळ असल्याचे म्हटले. आपल्याकडे या मर्यादांचीच चर्चा होते आणि मर्यादेच्या आतील जागा रिकामी राहते. ज्याचा मुलगा आधी वारला, त्याची नातवंडे दुसऱ्या मुलाच्या अस्तित्वामुळे वारस होत नाहीत, आणि नेमके त्यामुळेच त्यांच्यासाठी वसिय्यत करता येते. तो तिसरा भाग जणू त्यांच्यासाठी मोकळा ठेवलेला आहे. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने आजोबांनी वसिय्यत केली नसली तरी ती झाली असे मानण्याची तरतूद केली. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात नातवंडांना थेट बापाच्या जागी उभे केले, ज्यावर उलमांनी तीव्र आक्षेप घेतले. महाराष्ट्रात असा कोणताही कायदा नाही. येथे सर्व काही आजोबांच्या हातात आहे आणि बहुतेक आजोबा वसिय्यत लिहिणे अशुभ मानतात. ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे त्याने वसिय्यत लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही काढू नयेत, असा बुखारीतील हदीसचा आशय आहे. १९९३ च्या त्या रात्री झोपलेल्यांना एकच रात्र होती.

आजोबांनी लिहिले नसेल, तर सूरह अन्-निसाची आठवी आयत उरते. वाटणीच्या वेळी जे नातलग, अनाथ आणि गरजू उपस्थित असतील त्यांना त्यातून काही द्यावे आणि त्यांच्याशी भले बोलावे, असा तिचा आदेश आहे. आपल्याकडे वाटणी चार बुजुर्गांसमोर, बैठकीच्या खोलीत, चहा मागवून होते. त्या बैठकीला भाऊ असतात, कधी मेहुणे असतात, एखादे वकील असतात. पलीकडच्या खोलीतून त्या दोन मुलांनाही बोलावून घ्यावे आणि त्यांना बसायला जागा द्यावी.